बेण्याचा वाफा

३ जुलै

चोवीस वर्षं दप्तरखान्यात फायली लावल्या. क्रमांक, तारीख, कुठून आली, कुठे गेली. निवृत्त झाले तरी हाताची खोड जात नाही, म्हणून ही वही. रोज काय पाहिलं आणि कुठल्या क्रमाने पाहिलं, एवढंच लिहायचं. मतं लिहायची नाहीत. मतं द्यायला शेजारी आहे.

परिस्थिती अशी. धाकटा भाऊ, बारक्या, मे महिन्याच्या शेवटी, आल्याची लागवड उरकून तिसऱ्या दिवशी उभ्याउभ्या कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय, लिहायचीसुद्धा. भावजयीला कारखान्यात पाळी असते, ती सोडली तर घर कसं चालणार? मी एकटी, मोकळी. बॅग भरली आणि आले.

आल्याचे वाफे सात. पहिला खाली कुंपणाशी, तिथून चढ लागतो, सातवा सगळ्यात वर. सहा वाफे विकायचे, सातवा बेण्याचा. पंधरा वर्षं हा माणूस स्वतःचंच बेणं धरतोय. सातव्यातले निवडक गड्डे ठेवायचे आणि पुढच्या साली तेच लावायचे. बाहेरचा एक गड्डा या जमिनीत आलेला नाही. भावजय पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, बाकीचं काय व्हायचं ते होऊ दे, सातवा तेवढा जपा. तो गेला तर यांच्याकडे काय उरलं?"

मी बरं म्हटलं. मला आल्यातलं चहात घालण्यापलीकडे काही कळत नाही.

५ जुलै

तिसऱ्या वाफ्यात एका झाडाची खालची पानं कडेने पिवळी. तिथला चर बुजलाय, पाणी साचून राहतं.

शेजाऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "ताई, खत कमी पडलंय." अर्ध्या तासाने परत आला. "ताई, खत जास्त झालंय." मी म्हटलं, दोन्ही लिहून ठेवते.

७ जुलै

पिवळं झाड धरून जरा ओढलं तर आलं की हातात. बुंधा उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ. खाली खणून गड्डा काढला आणि दाबला. साल तेवढी राहिली आणि आतलं पाणी बोटांवरून ओघळलं. वास घाणेरडा. हात पदराला पुसला आणि उरलेले वाफे बघून आले. तिथे सगळं ठीक.

८ जुलै

कृषी सहायक बाई आल्या. बाई कसल्या, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, पण डोकं शांत. काचेचा पेला मागितला, स्वच्छ पाणी भरलं, रोगट खोडाचा तुकडा कापून पाण्यात उभा धरला. आम्ही दोघी बघत बसलो.

"पांढरे धागे सुटले तर जिवाणू," त्या म्हणाल्या. "मग कठीण."

पाच मिनिटं झाली, धागे सुटले नाहीत.

"बुरशी आहे मावशी. कंदकूज. वेळीच दिसली. कुजलेलं झाड भोवतालच्या मातीसकट काढा, पोत्यात भरा, लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा. त्या जागेभोवती औषधाची आळवणी करा, मुळापर्यंत भिजलं पाहिजे. चर खोल करा, पाणी खाली कुंपणाबाहेर काढा. आणि रोज लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं तर माझं कामच होतं.

९ जुलै

खड्डा, चुना, आळवणी झाली. गडी लावून चर खोल करून घेतले.

पाहणीचा क्रम ठरवला. आधी तिसरा, कारण आजाऱ्याची चौकशी आधी. मग चार, पाच, सहा, सात. उतरताना दोन, एक. प्रत्येक वाफ्यात पाच झाडं. खुरप्याने बुंध्याशी माती बाजूला करायची, अंगठ्याने दाबून बघायचं, माती परत सारायची. पायात बारक्याचे गमबूट, पुढे कागदाचे बोळे कोंबून. एकूण वेळ पाऊण तास. तिसऱ्यात आणखी दोन झाडं मऊ, बाकी ठीक.

१२ जुलै

पाहणी. क्रम तोच. तिसऱ्यात एक, बाकी ठीक.

चौथ्या वाफ्यात होते तर खिडकीवर ठणठण. बारक्याची खाट खिडकीशीच आहे, तिथून सगळं शेत दिसतं. डाव्या हातात वाटी घेऊन गजांवर आपटत होता. धावत गेले. पाणी दिलं, नको. लघवीचं भांडं दिलं, नको. उशी सारखी केली. त्याने वाटी फेकून दिली. मी उचलून घासून ठेवली आणि राहिलेली पाहणी पुरी केली.

१३ जुलै

परत वाटी. परत काही नको. भावजय म्हणाली, पडून पडून कंटाळले असतील. वाटी उंच फळीवर ठेवली.

१८ जुलै

चौथ्या वाफ्यात तीन झाडं पिवळी, बुंधे मऊ. काढली, पुरली, आळवणी केली. रेडिओ म्हणाला, हे हवेतून येतं. मग म्हणाला, चंद्राचा पण संबंध असतो.

यापुढे दिवसातून दोनदा पाहणी.

२२ जुलै

आज कळलं बारक्याला काय खुपतंय ते. सकाळची पाहणी करून आत आले तर तो माझ्या पायांकडे बोट दाखवायला लागला. बूट. त्याचे बूट. घशातून आवाज काढून, तोंड लाल करून, बोट नुसतं बुटांवर. मी समजायचं ते समजले. हा अंथरुणावर आणि बहीण याचे बूट घालून याच्याच शेतात मिरवतेय. माझ्याही जिवाला लागलं असतं.

बूट काढून पुसून त्याच्या खाटेखाली ठेवले. म्हटलं, "राहू दे बाबा, तुझे तुला." उद्यापासून माझ्या चपला.

त्याने भिंतीकडे तोंड केलं. लहानपणी पण असाच रुसायचा, पण तेव्हा निदान कारण सांगायचा.

२६ जुलै

चपलांत माती जास्त चिकटते. असो.

बारक्याने आज मला राग आणला. भावजयीने त्याला खुर्चीत बसवून दाराशी ठेवलं होतं, जरा वारा लागावा म्हणून. शेजारी धुण्याची बादली भरलेली. मी तिसऱ्या-चौथ्याची पाहणी करून औषधाचा डबा न्यायला आले, तर याने डाव्या हाताने बादली ओढून अख्खी माझ्या पायांवर पालथी केली. उंबरा भिजला, माझी साडी भिजली, दोन खेपांचं पाणी गेलं.

मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "अरे, मी काय हौसेने आलेय का इथे?" म्हटलं. तो माझ्या पायांकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी साडी बदलली आणि वर पाचव्या वाफ्याकडे गेले.

यापुढे बादली मोरीत.

२९ जुलै

पाचव्यात चार झाडं.

२ ऑगस्ट

पाहणी दोनदा. तिसरा वाफा निम्मा रिकामा. चौथ्यात खड्डेच खड्डे. पाचव्यात आणखी सहा. सहा, सात, दोन, एक ठीक.

आळवणीचं प्रमाण तपासलं, बरोबर आहे. चर कोरडे आहेत. सांगितलेलं सगळं केलं, सांगितलेल्या क्रमाने केलं. कुठे काही राहिलेलं सापडत नाही.

९ ऑगस्ट

सहाव्यात पाच झाडं.

वाईट वाटायला हवं. वाट बघितली, पण वाटत नाही. बारक्या पडला त्या दिवसापासूनच असं आहे. दवाखान्यात सगळे रडत होते आणि मी अर्ज भरत होते. रुग्णाचे नाव, वय, नाते. कुणीतरी म्हणालं, बहीण खंबीर आहे. खंबीर कसली, आत दिवाच लागत नाही. सहाव्या वाफ्यात उभी राहून मी पाच झाडं मोजली, पाच लिहिलं, आणि चहा टाकायची वेळ झाली एवढंच मनात आलं.

आता वर फक्त सातवा.

१२ ऑगस्ट

भावजय पाळीवरून आली आणि पायरीवरच बसली. म्हणाली, "ताई, त्यांना काहीतरी सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"ते कळलं असतं तर मीच नसतं का सांगितलं? तुम्ही शेतात गेलात की त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. तुम्ही परत आलात की डोळे मिटून पडतात."

मी म्हटलं, शेत डोळ्यांदेखत जातंय, जीव कसा थाऱ्यावर राहील? खिडकीला पडदा लावू का? ती उठून आत गेली. पडदा शिवायला घेतला आहे.

१४ ऑगस्ट

सहायक बाई आल्या. सगळे वाफे बांधावरूनच बघितले, आत उतरल्या नाहीत. मग ओट्यावर बसून म्हणाल्या, "कधी कुठे दिसलं, आठवतंय का मावशी?"

मी वही दिली.

"एवढं कुणी लिहितं का? आमच्या कार्यालयात कुणी एवढं लिहीत नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं ते हेच.

त्या पेन्सिल धरून पानं उलटत गेल्या. मागे गेल्या, पुढे आल्या. मग उलटणं थांबलं.

"तुम्ही रोज तिसऱ्यापासूनच सुरुवात करता?"

"हो. आजारी तोच ना."

"मध्ये बूट, चपला कुठे धुता?"

"नाही."

"खुरपं?"

"एकच आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, रोगट वाफा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. हात, पाय, हत्यार धुतल्याशिवाय दुसरीकडे जायचं नसतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी नुसतं म्हणाले, लक्ष ठेवा." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाल्या, "पावसाच्या पाण्यानेही पसरतं हं."

"पाणी खाली जातं," मी म्हटलं. "खाली दुसरा आणि पहिला आहे. ते धड आहेत. रोग चार, पाच, सहा असा चढावर गेलाय. पाणी चढावर जात नाही. माणूस जातो."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी वही घेतली आणि स्वतःच बघितलं. नऊ तारखेला पाहणी सुरू, अठराला चौथा. पुढे दहा-अकरा दिवसांनी एकेक वाफा, जिना चढल्यासारखा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आळवणीचं प्रमाण तपासत बसले होते.

बाई म्हणाल्या, सातव्यापर्यंत जाईतो पायाची माती बहुतेक झडून गेली असेल, म्हणून तो राहिला. आता तिथे कुणी जायचं नाही. तुम्ही तर नाहीच.

त्या गेल्यावर मी आत गेले. बारक्या जागा होता. मी खाली बसले आणि सांगितलं, जसं झालं तसं. हे रोग-बिग काही नाही, मीच पायांनी नेऊन लावलं, म्हटलं. त्याने डोळे मिटले आणि मान वरखाली केली.

"तुला ठाऊक होतं?"

मान वरखाली.

"पहिल्या दिवसापासून?"

मान वरखाली.

वाटी. बूट. बादली. महिनाभराहून जास्त झोपल्या जागेवरून तो बघत होता, मी एकेक वाफा कसा मारतेय ते, आणि मी त्याला उशी सारखी करून देत होते. वर बोलले पण. हौसेने आलेय का, म्हटलं.

लाज वाटली. वाईट अजूनही वाटलं नाही, पण लाज वाटली, आणि ती उठून स्वयंपाकाला लागले तरी गेली नाही.

१५ ऑगस्ट

पडद्याचं कापड परत घडी करून ठेवलं.

बूट, चपला, खुरपं, सगळं उकळत्या पाण्याने धुतलं. तीन ते सहा वाफ्यांतलं उरलंसुरलं सगळं गड्यांकडून उपटून पुरलं. सातव्याच्या खालून वेगळा चर काढला. मी शेतात गेले नाही.

१६ ऑगस्ट

गेले नाही.

१७ ऑगस्ट

गेले नाही. रेडिओ म्हणाला, ताई दिसत नाही हल्ली. मी म्हटलं, प्रसारण बंद आहे.

२४ ऑगस्ट

गेले नाही. न बघणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पाहणीच्या वेळेला पाय आपोआप दाराशी जातात. तेव्हा मी बारक्याच्या खाटेवर बसते. खिडकीतून दोघं सातव्याकडे बघतो. इतक्या लांबून हिरवं आहे एवढंच कळतं.

११ सप्टेंबर

दुसऱ्यातही कूज आली, पाण्याने की माझ्यामुळे ते आता सांगता येणार नाही. काढून टाकला.

सहायक बाई पायांना कोऱ्या पिशव्या बांधून सातव्यात गेल्या. बारक्या आणि मी खिडकीत. त्या दोनदा वाकल्या. दोनदा गोणीत काहीतरी भरलं. बारक्याने माझं मनगट धरलं, डाव्या हातात त्याच्या अजून पुष्कळ जोर आहे.

अलीकडच्या टोकाची दोन झाडं. बाईंनी भोवतालचा हातभर घेर खणून काढला. बाकीचा वाफा हिरवा आणि घट्ट आहे म्हणाल्या. खतात कालवायला ट्रायकोडर्मा दिला, चांगली बुरशी. वाईट बुरशीला खाते म्हणे.

३० सप्टेंबर

सातवा ठीक. पहिला वाफाही तगला, कसा ते कळत नाही.

४ नोव्हेंबर

बारक्या "नको" म्हणतो आता. "हं" पण म्हणतो. जेवताना चारदा नको म्हणाला, तर भावजय हसायला लागली, म्हणाली, पाच महिन्यांची नको साठलीत.

सातवा ठीक.

१७ डिसेंबर

पाला पिवळा पडून सुकायला लागला. मी दचकले. बाई म्हणाल्या, हा वयाचा पिवळेपणा, रोगाचा नाही. काढणीला आलंय.

१९ जानेवारी

सातवा वाफा काढला.

नवी हत्यारं आणली, गड्यांचे पाय दाराशीच धुऊन घेतले. मी बांधावर. पहिला गड्डा वर आला, फुगीर, बोटं पसरलेल्या पंजाएवढा, एक डाग नाही. दुसरा तसाच. संध्याकाळपर्यंत अंगणात धुऊन पसरून ठेवले. आठ टोपल्या.

मला मनातून वाटलं, की हे तरी मी राखलं. न जाऊन का होईना.

सहायक बाई आल्या, चार गड्डे कापून बघितले. आतून पिवळेधमक. तरी तोंड भरून काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या शेतात कूज दिसली त्यातलं बेणं धरू नये असं आम्ही सांगतो. वरून चांगलं दिसतं, आत झोपलेली असते. पण हा वाफा वेगळा, वर आहे, राखलेला आहे. मी छातीठोक काही सांगू शकत नाही. ठरवायचं तर तुमच्या भावाने ठरवावं, पंधरा वर्षं त्यांनी धरलंय."

२१ जानेवारी

सकाळी बारक्याला अंगणात खुर्चीवर बसवलं. पुढ्यात चौरंग, डाव्या हाताला टोपल्या. उजवीकडे मी दोन पोती अंथरली, एक बेण्याचं, एक खायचं.

एकेक गड्डा तो उचलायचा. फिरवून बघायचा, कोंबाच्या डोळ्यावर अंगठा फिरवायचा, नाकाशी न्यायचा. मग बेण्याच्या पोत्यावर. हात भरून आला की मांडीवर ठेवायचा, परत उचलायचा. भावजयीने आज सुट्टी टाकली होती, ती दारात उभी. बेण्याच्या पोत्यावरचा ढीग वाढत गेला आणि खायच्या पोत्यावर फक्त मोडके तुकडे. मला वाटलं, निभावलं.

आठवी टोपली संपली तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. त्याने ढिगाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग खुर्चीतून वाकला आणि डाव्या हाताने तो अख्खा ढीग खायच्या पोत्यावर लोटला. एकदा, दोनदा, तीनदा, पोतं मोकळं होईपर्यंत.

"अरे," मी म्हटलं, "एकावर डाग नाही. तूच बघितलंस ना?"

"हं."

"मग?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मानेची शीर ताठ झाली. मग म्हणाला, "खायला."

स्पष्ट म्हणाला. भावजयीने दाराला धरलं.

"सगळं?"

"हं."

भावजय म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्यायचं झालं तरी हे लावायला देणार नाहीत ते. ज्याची खात्री नाही ते बेणं नाही, असं म्हणायचे." मग ती आत गेली.

म्हणजे सकाळभर तो निवडत नव्हता. बघून घेत होता.

दुपारी चहा टाकला. त्या ढिगातल्याच एका गड्ड्याचं बोट तोडलं, सोललं आणि किसलं. पंधरा वर्षांत या घरात सातव्यातलं आलं कुणी तोंडात घातलेलं नाही, भावजयीने सांगितलं. भर सर्दी-खोकल्यातसुद्धा नाही. तिने किसणीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. वास घरभर झाला. फार चांगला होता.

बारक्या डाव्या हाताने कप धरून सगळा चहा प्यायला. मग रिकामा कप पुढे केला.

"आणखी?"

"हं."

दुसरा कप गाळताना मला रडू आलं. आपोआप आलं आणि थांबेना, गाळणं हातातून सुटलं, चहा ओट्यावर सांडला. इतके महिने न आलेलं सगळं एकदम आलं. भावजयीने गॅस बंद केला, माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि उरलेला चहा तिनेच त्याला नेऊन दिला.